झिरो तिकीट कुणाच्या पैशातून?

संकेश्वरहून निपाणीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. पायाशी मेथीची बुट्टी, वरून ओलं फडकं. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं आणि झिरो तिकीट फाडून हातात दिलं. खिडकीजवळ बसलेले एक गृहस्थ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "आमच्या टॅक्सच्या पैशावर चाललंय सगळं." मावशींनी तिकीट घडी घालून कनवटीला लावलं आणि मागं वळून विचारलं, "का रं बाबा, मी घेते तो साबण काय सरकार फुकट देतंय मला?"

बसमध्ये कुणी काही बोललं नाही. मला मात्र वाटलं, बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या सगळ्या पट्ट्यात घराघरात चाललेला वाद या दोन वाक्यांत आला. घरच्या कर्त्या बाईला महिन्याला गृहलक्ष्मीचे दोन हजार, शक्ती योजनेचा बायकांना मोफत बसप्रवास, दोनशे युनिटपर्यंत माफ लाईट बिल, रेशनचा जादा शिधा, पदवीधरांचा बेकारभत्ता: कर्नाटकाच्या या पाच हमी योजनांवर आमच्याकडे प्रत्येकाचं मत आहे. कागलच्या पलीकडे, महाराष्ट्रात, लाडक्या बहिणीला दीड हजार मिळतात, म्हणून तुलनाही रोजची. पैसे येतात कुठून आणि जातात कुठे, हे मात्र फारसं कुणी नीट सांगत नाही. ते सांगायचा हा प्रयत्न आहे. माझं मत लपवणार नाही, ते वाटेत येईलच.

कर दोन वाटांनी जातो

एक कर आपण स्वतः सरकारला भरतो. उदाहरणार्थ प्राप्तिकर, म्हणजे ज्याला आपण इन्कम टॅक्स म्हणतो. याला प्रत्यक्ष कर म्हणतात. दुसरा कर वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो. दुकानदार तो आपल्याकडून घेतो आणि पुढं भरतो. जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर, दारूवरची अबकारी हे सगळे त्यातले. हा अप्रत्यक्ष कर. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचं सगळं कळेल.

प्रत्यक्ष कराची पावती मिळते, तो पगारातून कापलेला दिसतो, म्हणून तो भरणाऱ्याच्या लक्षात राहतो. अप्रत्यक्ष कर दिसत नाही. त्यामुळं "टॅक्स भरणारे" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नोकरदार आणि व्यापारी येतात. मेथीची बुट्टी घेऊन निघालेली बाई येत नाही. खिडकीजवळच्या गृहस्थांची चूक इथंच झाली, आणि ती प्रामाणिक चूक आहे. जे दिसतं तेच त्यांनी मोजलं.

२९९ रुपयांचं रिचार्ज

मावशींच्या कमरेला मोबाईल होता. समजा त्यांनी २९९ रुपयांचं रिचार्ज मारलं. रिचार्जवर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. हिशेब केला तर त्यातले ४५ रुपये ६१ पैसे कराचे निघतात. राहिलेले पैसे कंपनीचे.

आता हेच रिचार्ज महिन्याला दोन लाख कमावणारा डॉक्टरही मारतो. तोही ४५ रुपये ६१ पैसेच देतो. मावशींची कमाई महिन्याला दहा हजार धरली, तर कमाईच्या मानानं त्यांच्यावरचा बोजा डॉक्टरच्या वीसपट झाला. वस्तूवरचा कर माणूस बघत नाही, वस्तू बघतो.

शिवाय गरीब घरात आलेला पैसा जवळजवळ सगळा खर्च होतो. साखर, चहा, साबण, चप्पल, गॅस, औषध, सगळ्यांत थोडा थोडा कर असतो. सुटी भाजी आणि सुटं धान्य जीएसटीतून वगळलंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा दर अठरावरून पाच टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. तरी कर शून्य झाला नाही. ज्याच्याकडं जास्त पैसा आहे तो निम्मा बाजूला टाकतो, जमीन घेतो, शेअर घेतो. त्या निम्म्यावर रिचार्जसारखा किंवा साबणासारखा कर रोजच्या रोज लागत नाही.

म्हणून मावशींचा प्रश्न बरोबर होता.

राज्याच्या हातात कोणते कर असतात?

इथं एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. प्राप्तिकर केंद्र सरकार लावतं. शेतीचं उत्पन्न सोडलं तर राज्याला तो लावताच येत नाही. केंद्र आपल्या करांतला काही भाग राज्यांना वाटतं, तो वेगळा. राज्याच्या स्वतःच्या हातात उरतात जीएसटीतला राज्याचा वाटा, पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर, अबकारी, जमीन-घराच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क आणि गाड्यांवरचा कर. यातले बहुतेक अप्रत्यक्ष आहेत.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्नाटकानं पाच हमी योजनांसाठी ५१,०३४ कोटी रुपये ठेवले. एकूण अर्थसंकल्प ४,०९,५४९ कोटींचा होता. म्हणजे सरकारच्या दर रुपयातले साडेबारा पैसे. रक्कम मोठी आहे, यात वाद नाही. पण "सगळी तिजोरी रिकामी करून वाटली" असं जे चौकात ऐकू येतं ते खरं नाही.

हे साडेबारा पैसे उभे करायला राज्यानं काय केलं ते बघा. १५ जून २०२४ ला पेट्रोल आणि डिझेल लिटरमागं सुमारे तीन रुपयांनी महागलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी बसचं भाडं पंधरा टक्क्यांनी वाढलं. दारूवरची अबकारीही वाढवली. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी दस्त नोंदणीची फी एक टक्क्यावरून दोन टक्के झाली.

म्हणजे खिडकीजवळच्या गृहस्थांचं तिकीट खरंच महाग झालं होतं. त्यांचा राग हवेतला नव्हता. डिझेल महागलं तसं मावशींची मेथी शेतातून रस्त्यापर्यंत आणणाऱ्या टेम्पोचंही भाडं वाढलं. आणि ज्या घरात नवरा रोज संध्याकाळी पितो, त्या घराची अबकारी महिन्याला किती जात असेल त्याचा अंदाज घ्या. त्यातलेच काही पैसे फिरून बायकोच्या खात्यावर येतात. मला त्या घराबद्दल वाईट वाटतं, पण एवढं तरी खरं की पैसे नवऱ्याच्या हातून सुटून तिच्या हातात आले.

"आम्ही भरतो, ते खातात"

हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर देण्याआधी त्या गृहस्थांचा हिशेब मांडू.

समजा त्यांचं वर्षाचं उत्पन्न बारा लाख आहे. नव्या पद्धतीत, टप्प्याटप्प्यानं मोजलं तर त्यांचा प्राप्तिकर साठ हजार होतो. पण २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर हा पूर्ण साठ हजारांचा कर माफ आहे. पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत काही भरावं लागत नाही. म्हणजे प्राप्तिकराच्या खिडकीवर त्यांनाही झिरो तिकीटच मिळतं.

गृहलक्ष्मीचे वर्षाला चोवीस हजार होतात. त्या गृहस्थांची माफी साठ हजारांची.

"घेतलं नाही आणि दिलं, हे एकच कसं?" असं कुणी विचारेल. प्रश्न योग्य आहे. कमावलेला पैसा आपला असतो आणि तो न कापणं म्हणजे भीक घालणं नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण तिजोरीच्या बाजूनं बघा. साठ हजार आत यायचे होते ते आले नाहीत, चोवीस हजार आत होते ते बाहेर गेले. तिजोरीला दोन्ही खड्डेच. पहिल्याला आपण "मध्यमवर्गाला दिलासा" म्हणतो आणि दुसऱ्याला "रेवडी". माफीमुळं केंद्राला वर्षाला सुमारे एक लाख कोटींवर पाणी सोडावं लागेल, असं अर्थमंत्र्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. तो आकडा साऱ्या देशाचा आहे आणि हमी योजनांचा एकट्या कर्नाटकाचा, त्यामुळं दोन्ही शेजारी ठेवून तोलू नयेत. माझं म्हणणं एवढंच की सरकारकडून सूट घेणारा आणि सरकारकडून रोख घेणारा यांना आपण दोन वेगवेगळ्या नजरांनी बघतो.

आमच्या ऊसपट्ट्यात तर हे जास्तच लागू आहे. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात वीजबिल नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. दहा-वीस एकर ऊस असलेल्या माणसाला त्यामुळं "सरकारच्या जिवावर जगतो" असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण ऊस पिकवणं कष्टाचं आहे. मग त्याच्याच फडात भांगलणाऱ्या, म्हणजे तण काढणाऱ्या, बाईला का म्हणायचं?

"फुकट मिळालं की माणूस आळशी होतो"

हा दुसरा आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. "दोन हजार यायला लागल्यापासून बायका भांगलायला येईनात."

दोन हजाराला तीसनं भागा. दिवसाला सहासष्ट रुपये. कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३७० रुपये ठरली. त्या हिशेबानं गृहलक्ष्मी म्हणजे महिन्यातली साडेपाच दिवसांची मजुरी. उरलेले साडेचोवीस दिवस घर कशावर चालवायचं? साडेपाच दिवसांच्या मजुरीवर कुणी घरात बसून राहत नाही.

यावर अभ्यासही झाले आहेत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम सोडलं असं त्यांना दिसलं नाही. आपल्याकडं मध्य प्रदेशातल्या काही गावांत २०११-१२ च्या सुमारास 'सेवा' या स्वयंरोजगारी महिलांच्या संघटनेनं असा प्रयोग केला, तिथं तर लोक स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले, कारण बियाण्याला हातात पैसा आला.

पण शेतकऱ्याची तक्रार खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. काहीतरी बदललंय हे खरं. माझ्या मते बदललं ते हे: आधी बाईला पडेल त्या मजुरीला "हो" म्हणावं लागायचं. आता ती एक दिवस थांबून "दोनशेला नाही येणार" म्हणू शकते. आणि बस फुकट झाल्यामुळं शेजारच्या गावातल्या मजुरीखेरीज बेळगावात, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, एखाद्या दुकानात काम बघायला जाणंही तिला परवडतं. याला आळस म्हणता येणार नाही. मजूर मिळेना झाल्यावर मजुरी वाढवावी लागते, हे छोट्या शेतकऱ्याला जड जातं, आणि त्याच्या मालाला भाव मिळाला पाहिजे हा वेगळा मोठा प्रश्न आहे. तो बाईच्या दोन हजारांतून कापून सुटणार नाही.

"द्यायचं तर कामाला द्या"

हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो आपल्याच मातीतला आहे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारातून कापलेले पैसे दुष्काळी गावात खडी फोडणाऱ्या मजुराला. संपत्तीचं पुनर्वितरण हा जड शब्द आहे, त्याचा अर्थ इतकाच: एकीकडं साठलेलं थोडं दुसरीकडं वळवणं. मराठी माणसानं हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय. पगाराच्या पावतीवर आजही "पी. टी." अशी ओळ असते, ती याच प्रकारच्या कराची.

पण खडी कुणी फोडायची? सत्तरीतल्या विधवेनं? अंथरुणावरच्या सासूचं करणाऱ्या सुनेनं? त्या बाया पहाटे पाचला उठतात, पाणी भरतात, डबे करतात, म्हातारी माणसं सांभाळतात. या कामाची मजुरी कोणत्याच हजेरीपत्रकावर लागत नाही. काम करणाऱ्याला काम द्या, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि तेवढ्यानं भागत नाही हेही तितकंच खरं.

"जबरदस्तीनं घेऊन कसली मदत?"

आमच्या गल्लीच्या गणपतीचं उदाहरण घेतो. सराफाचं दुकान पाच हजार एक देतं, पानवाला एकावन्न देतो, कोपऱ्यावरच्या आजी अकरा रुपये देतात. महाप्रसादाला पंगत एकच. पाच हजार दिले म्हणून सराफाला दोन मोदक जास्त वाढत नाहीत, आणि अकरा दिले म्हणून आजींना कुणी उठवत नाही. ऐपतीप्रमाणं द्यायचं, भुकेप्रमाणं घ्यायचं.

वर्गणी मर्जीची असते आणि कर सक्तीचा, हा फरक आहे. मंडळाच्या पोरांना विचारा, मोठ्या रकमा मर्जीवर सोडल्या तर काय होतं ते. मांडवाला आणि बँडला पैसे मिळतात, महिनाभर शाळा किंवा दवाखाना चालवायला मिळत नाहीत. रोजच्या गरजेसाठी नेम लागतो, आणि नेम म्हणजे कायदा.

आमच्या भागात बसवण्णांची, म्हणजे महात्मा बसवेश्वरांची, परंपरा घराघरात आहे. त्यात कायक आणि दासोह हे दोन शब्द जोडीनं येतात. कायक म्हणजे श्रम, दासोह म्हणजे त्या श्रमाच्या फळातला वाटा समाजाला देणं. श्रम झाला म्हणून वाटा चुकत नाही.

बेंगळुरूही हेच म्हणू शकतं

कर्नाटकाची केंद्राविरुद्धची तक्रार आठवा. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांना वाटायच्या करांतला कर्नाटकाचा वाटा ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ वर आणला. "आमचा कर उत्तरेला जातो" म्हणत फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांसह मंत्रिमंडळ दिल्लीत जंतरमंतरवर बसलं. आणि राज्याच्या आत? कराचा मोठा भाग बेंगळुरूत गोळा होतो. तिथला माणूस बेळगावकडं बोट दाखवून हेच म्हणू शकतो. मग आपण सांगू की बेंगळुरूत राबणारी पोरं आमच्या गावची, तिथला भाजीपाला, साखर, दूध गावाकडचं. बरोबर आहे. मावशींचंही उत्तर नेमकं तेच आहे.

मग खोट कुठं आहे?

खोट आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख प्रचार होईल.

पहिली खोट पैसा उभा करण्याच्या वाटेत आहे. डिझेल, दारू आणि बसभाडं यांतून उभा केलेला पैसा बराचसा त्याच गल्लीतून येतो, जिथं तो परत जातो. मोठ्या संपत्तीला मात्र हात लागत नाही. वारसा संपत्तीवरचा मृत्युकर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. २०१९ मध्ये कंपन्यांचा कर तीसवरून बावीस टक्क्यांवर आला. वर्षभर ठेवून विकलेल्या शेअरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, तर मोठ्या पगारावर तीस टक्के. घाम गाळून मिळवलेल्यावर जास्त आणि ठेवून वाढलेल्यावर कमी, हे मला पटत नाही. हे दर केंद्राच्या हातात आहेत, त्यामुळं राज्य हतबल आहे हे खरं, तरी प्रश्न विचारायचा तो तिथं.

दुसरी खोट कर्जाची. २०२३-२४ मध्ये राज्य महसुली तुटीत गेलं. म्हणजे घरखर्च भागवायला उधार घ्यावं लागलं. विहीर खोदायला कर्ज काढणं वेगळं आणि किराण्याला काढणं वेगळं. रस्ते, पूल, शाळांच्या खोल्या मागं पडतात, आणि खड्ड्यातून जाणारी बस फुकट असली तरी पाठ दुखतेच.

तिसरी खोट मला सगळ्यात जास्त टोचते. पैसे ठरल्या तारखेला येत नाहीत. गृहलक्ष्मी ही सव्वा कोटीच्या आसपास बायकांची योजना, तिचं खातं तेव्हा बेळगाव ग्रामीणच्याच आमदारांकडं होतं, आणि तरीही २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चचे हप्ते राहून गेल्याचं त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधातल्या विधिमंडळ अधिवेशनात सरकारला मान्य करावं लागलं. अवलंबून राहणं म्हणतात ते हे. दर महिन्याला पाच तारखेला पगार येणारा माणूस पगारावर लाचार नसतो, तो हिशेब करतो, भिशी लावतो. ज्याला कधी येईल ठाऊक नाही तो वाट बघतो, कुणाच्या तरी पाया पडतो. योजनांना "लक्ष्मी", "बहीण" अशी नावं देऊन आपण या पैशाची ओवाळणी केली. ओवाळणी भावाच्या मर्जीनं पडते. हक्काला तारीख लागते.

माझ्या मावशीचं सांगतो. तिच्या रेशन कार्डावर कन्नडमध्ये आडनाव "चौगला" पडलंय आणि आधारवर "चौगुले". दोन्ही नावं आमच्याकडं चालतात, गावात कुणी अडत नाही. संगणक अडला. अर्ज कन्नडमध्ये, मावशीला वाचता येते ती मराठी. अर्ज भरायच्या केंद्रावरचा पोरगा दर वेळी म्हणायचा, "मावशी, पुढच्या महिन्यात या." ती अकरा वेळा गेली. बस फुकट होती म्हणून जाऊ तरी शकली. शेवटी नाव जुळलं, पैसे सुरू झाले, मागचे आले नाहीत. पहिल्या हप्त्यातून तिनं बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणल्या, नाहीतर ती दहा-दहा दिवसांच्या आणायची आणि मधले दिवस तशीच काढायची.

परवा तिनं फोन करून विचारलं, "पुढचे कधी येतील रे? गोळ्या संपत आल्यात." मला तारीख सांगता आली नाही.